मोजणी कुणासाठी?

इंदापूर तालुका म्हटलं की आज उजनीचं पाणी, ऊस, डाळिंब आणि राजकारण आठवतं. भूमापनाच्या इतिहासात मात्र या तालुक्याची नोंद वेगळ्याच कारणाने झालेली आहे. पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्यातल्या जमिनींवर नवा सारा बसवण्याचं काम कंपनी सरकारने प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपवलं. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के वाटा सरकारचा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो नेटका दिसला. पण मोजणीत चुका होत्या, प्रतवारीत हात ओले झाले होते, त्यात वाईट वर्षं आली. इंदापुरात रानं पडीक पडली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर यांनी याच तालुक्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. त्यांचा आकार १८३६ पासून तीस वर्षांसाठी लागू झाला, पद्धत हळूहळू मुंबई इलाखाभर पसरली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. आपण आज ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो त्याची घडण इंदापूरच्या शिवारात झाली आहे.

त्या मोजणीतली एक गोष्ट घर घेणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही माणसं नुसती साखळी ओढून थांबली नाहीत, त्यांनी खणून पाहिलं. माती किती खोल आहे, काळी की तांबूस की मुरमाड, चुनखड किती, वाळू किती, पाणी साचतं का, उतार कसा, हे सगळं बघून जमिनीचे नऊ वर्ग पाडले. पावणेदोन हात खोल, चांगली काळी जमीन सोळा आण्यांची. तिथून उतरत उतरत उथळ बरड दोन आण्यांवर येई. दुसऱ्याच्या जमिनीवर कर बसवायचा म्हणून सरकारने एवढी दगदग केली. आपण स्वतःच्या आयुष्याची कमाई घालून अर्धा-एक गुंठा घेतो, तेव्हा एक खड्डासुद्धा काढून पाहत नाही.

याच तालुक्यातलं निमगाव केतकी घ्या, बारामती–इंदापूर रस्त्यावरचं मोठं गाव. पानमळ्यांचं गाव म्हणून त्याची ओळख, आणि संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना इथे मुक्कामाला असते. पालखी मार्गाचा महामार्ग झाल्यापासून रस्त्याकडेच्या जागांना भाव आला. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करणारे, आसपासच्या शाळांतले शिक्षक, पुण्यातून गावाकडे परतू पाहणारे, असे सगळेच इथे किंवा आजूबाजूला घराच्या शोधात दिसतात. त्यांना जे विकायला काढलेलं असतं ते साधारण तीन तऱ्हांचं: गावठाणातलं जुनं घर, रस्त्याकडेच्या शेतातून पाडलेले गुंठे, किंवा बिनशेती झालेल्या जागेवरचा तयार बंगला वा फ्लॅट. तिन्हींत फसण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत. मूळ मात्र एकच: जमिनीचं आपलं सगळं दप्तर सारावसुलीसाठी तयार झालेलं आहे, खरेदीदारासाठी नाही.

सातबारा हे त्याचं ठळक उदाहरण. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे तो मालक, असं आपण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, एवढंच. फेरफार झाल्याने मालकी निर्माणही होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी वेळा सांगितलं आहे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला म्हणजे सरकारने मालकी तपासली, हाही असाच एक गोड गैरसमज. तिथे दस्त, मुद्रांक, ओळख, हजेरी पाहतात. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, हे शोधणं खरेदीदाराचं काम.

आणि गावठाणात तर सातबाराच नसतो. याचं कारणही विंगेटच्या काळापर्यंत मागे जातं. गावाची जमीन दोन भागांत ओळखली जाई: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळीवर सारा, म्हणून काळीचा बांधन् बांध मोजला. पांढरीवर शेतसारा नाही, मग तिथे साखळी कशाला ओढायची? गावाच्या नकाशात गावठाण म्हणजे भोवती एक रेघ आणि आत कोरी जागा. शेताच्या कोपऱ्यातल्या बाभळीखालचा हद्दीचा दगड दप्तरात आणि माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात ते घर दप्तराबाहेर, अशी ही गंमत. शहरांत आणि काही मोठ्या गावांत पुढे नगर भूमापन झालं, मिळकत पत्रिका आल्या. बाकीच्या गावांत घराचा पुरावा म्हणून उरला तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे पुन्हा घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. पट्टी कोण भरतो हे ती सांगते. घर कुणाचं, किती, कुठून कुठपर्यंत, हे सांगायला ती बनवलेलीच नाही. तरीही नमुना ८ च्या एका उताऱ्यावर लाखांचे व्यवहार होतात.

ही कोरी जागा भरण्याचं काम अलीकडे सुरू झालं, आणि त्याचीही सुरुवात पुणे जिल्ह्यातच झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात राज्याच्या भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाबरोबर ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. पद्धत सोपी आहे. ग्रामसभेत माहिती देतात, लोक आपापल्या मिळकतीच्या हद्दी चुन्याने आखून घेतात, ड्रोन वरून छायाचित्रं घेतं, त्यावरून नकाशा होतो, मग जागेवर चौकशी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. गावठाणातलं घर घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: या घराची मिळकत पत्रिका झाली आहे का, आणि तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत? पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखालची सामाईक भिंत दिसत नाही. चुना ज्याने आखला त्याची रेघ नकाशात येते. शेजारी त्या दिवशी मुंबईला असेल, तर त्याची हरकत चौकशीत यायला हवी होती.

जुन्या खरेदीखतात चतुःसीमा वाचल्या तर हसू येतं: पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याचा गोठा, उत्तरेस बोळ. तो अमका वारला, त्याच्या तीन मुलांनी घर वाटून घेतलं, गोठ्याच्या जागी दुकान आलं आणि बोळावर कुणीतरी पायरी बांधली. म्हणून गावठाणात घर घेताना टेप घेऊन उभं राहावं लागतं. चारही बाजूंची मापं, भिंतीची जाडी, कुठली भिंत स्वतंत्र आणि कुठली सामाईक, पागोळ्यांचं पाणी कुणाच्या जागेत पडतं, मोरीचं पाणी कुठून जातं, दार कुणाच्या अंगणात उघडतं, हे नकाशावर मांडून त्यावर लगतच्या शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. एखादा खासगी सर्व्हेअर हे काम दिवसभरात करून देतो. शेजारी सही द्यायला कचरला तर समजावं की मोजणी आत्ताच उपयोगी पडली.

शेतातून पाडलेल्या गुंठ्यांची गोष्ट निराळी. तिथे नकाशा आहे, गट नंबर आहे, सातबारा आहे. नाही तो तुमचा तुकडा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी केली. जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ही सध्याची मर्यादा २०२३ मध्ये ठरली. तरी एक-दोन गुंठे विकले जातच राहिले. कधी नोटरीच्या कागदावर, कधी दहा जणांनी मिळून एक दस्त करून. मग सातबाऱ्यावर दहा नावं सामाईकात येतात आणि तुमचा गुंठा रस्त्याला लागून की विहिरीमागे, हे फक्त विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर ठरतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने गावठाणालगतच्या आणि निवासी पट्ट्यातल्या अशा जुन्या व्यवहारांना सवलत द्यायचं ठरवलं. मात्र दहा जणांत तुमची जागा नेमकी कुठली, हा वाद त्या सवलतीने मिटणार नाही. तो रेखांकन आणि मोजणीनेच मिटतो.

आकड्यांचाही एक लहानसा फास आहे. बोलताना आपण गुंठ्यात बोलतो: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. इंग्रजांच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, तिचा हा चौरस. सातबारा मात्र हेक्टर-आर मध्ये असतो आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. गुंठ्यामागे तेरा चौरस फूट इकडेतिकडे. एक गुंठा घेणाऱ्याला काही फरक पडत नाही. वीस गुंठ्यांत प्लॉट पाडणारा तो फरक कुणाच्या माथी मारतो, ते बघावं.

आता खरी मोजणी. भूमी अभिलेख विभागाकडून होणाऱ्या हद्द कायम मोजणीला अर्ज करायचा असतो तो खातेदाराने. खरेदीदाराला परस्पर करता येत नाही. नेमका इथेच घोळ होतो. खरेदीदार म्हणतो, एकदा नावावर झालं की मोजून घेऊ. तेव्हा मोजून काय उपयोग? पैसे गेलेले असतात आणि कमी भरलेली जागा तुमची असते. मोजणीचा अर्ज विकणाऱ्याच्या सहीने, व्यवहार पुरा होण्याआधी व्हायला हवा. अर्ज आता ऑनलाइन होतो, नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. ठरल्या दिवशी भूकरमापक येतो. पूर्वी त्याच्याकडे प्लेन टेबल असे, आता उपग्रहाच्या संदेशावर चालणारं रोव्हर असतं. तो जुनं टिपण, फाळणी, गट नकाशा यांच्याशी जागा ताडून पाहतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते.

त्या ‘क’ प्रतीत दोन प्रकारच्या रेषा असू शकतात: एक अभिलेखाप्रमाणे हद्दीची, दुसरी प्रत्यक्ष वहिवाटीची. दोन्ही एकावर एक पडल्या तर उत्तम. त्यांच्यात अंतर असेल तर त्या अंतरात कुणाची तरी ताल, पत्र्याची शेड किंवा विहीर उभी असते. भूकरमापक ते अतिक्रमण काढून देत नाही, तो फक्त दाखवतो. काढायला दिवाणी न्यायालयाची पायरी. मोजणीच मान्य नसेल तर निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. ही सगळी वाट किती लांब आहे, हे बारामती-इंदापूरच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसलं तरी कळतं.

रस्त्याकडेची जागा असेल तर आणखी एक कागद बघावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली आधी ३-अ ची, मग ३-ड ची अधिसूचना राजपत्रात निघते, आणि ३-ड निघाली की ती जमीन सरकारची झाली. सातबाऱ्यावर तिची नोंद यायला वेळ लागला तरी हक्क गेलेला असतो. भूसंपादन होऊन गेलेल्या गटाचा उरलेला तुकडा ‘रोडटच’ म्हणून विकायला निघतो, तेव्हा उरलेला किती, हे मोजूनच कळतं. शिवाय महामार्गापासून बांधकाम किती मागे घ्यायचं याचे नियम आहेत. ते सोडून प्लॉटमध्ये घराला जागा राहते का, तेही बघायला हवं.

कागदपत्रांची बाकीची छाननी चांगल्या वकिलाने करायची, म्हणून इथे तिच्यात फार शिरत नाही. इतर हक्कातला बोजा, वर्ग-२ ची जमीन, देवस्थान इनाम, तीस वर्षांचा शोध, हे वकिलांना पाठ असतं. इंदापूर तालुक्यात उजनी धरणामुळे आलेल्या पुनर्वसनाच्या नोंदी आणि हस्तांतरावरचे निर्बंध मात्र मुद्दाम विचारावेत. आणि एक मुद्दा वकिलाच्या टेबलावर सुटत नाही, जागेवर जाऊन सुटतो: घरात राहतं कोण? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ म्हणतो की जागेत जो प्रत्यक्ष राहतो त्याच्या हक्काची खरेदीदाराला जाणीव होती असंच धरलं जाईल. मागच्या खोलीत म्हातारी आत्या राहत असेल आणि तिचा हिस्सा निघाला, तर ‘मला ठाऊक नव्हतं’ हे चालणार नाही. बहिणींच्या हक्काचंही तेच. त्यांनी सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. भाऊबीजेला दिलेल्या शब्दावर खरेदी करू नये.

त्याच कायद्याचं कलम ५५ आणखी एक दरवाजा बंद करतं. जे दोष खरेदीदाराला साध्या काळजीने शोधता येणार नाहीत तेवढेच विकणाऱ्याने सांगायचे. भिंतीला तडा आहे, स्लॅब ओला आहे, प्लॉट ओढ्याच्या काठी आहे, हे बघून कळण्यासारखं असेल तर ते बघणं तुमचं काम होतं. इंग्लंडमध्ये याच तत्त्वापोटी घर घेणाऱ्याने स्वतःचा सर्व्हेअर नेमायची रीत पडली. जुन्या घराचा तपशीलवार अहवाल तिथे छपरापासून गटारापर्यंत जातो. आपल्याकडे लोक म्हणतात, बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला ना! तो बँकेचा माणूस असतो. कर्ज बुडालं तर घर विकून वसूल होईल का, एवढंच त्याला पाहायचं असतं. त्या घरात तुम्हाला वीस वर्षं कोरड्यात झोपता येईल का, हा त्याच्यापुढचा प्रश्न नाही.

मातीकडे येतो, कारण या भागात घरं मातीमुळे जास्त फुटतात. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या घराखालीही पडतात. पाया उथळ असला की घर दर पावसाळ्यात किंचित उचललं जातं आणि उन्हाळ्यात बसतं, तेही सगळीकडे सारखं नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. उन्हाळ्यात तो रुंदावतो, पावसाळ्यात मिटतो. ऑगस्टमध्ये नवा रंग दिलेलं घर दाखवतात तेव्हा म्हणूनच शंका घ्यावी. तोच बंगला मे महिन्यात बघावा. थांबता येत नसेल तर रंगाखाली लांबी भरलेल्या तिरप्या रेषा शोधाव्यात, दारं चौकटीत घासतात का ते बघावं. तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून ठेवायची जुनी युक्तीही चांगली: भिंत हलत असेल तर काच तडकते.

रिकामा प्लॉट असेल तर जेसीबीने एक खड्डा काढून घ्यावा, पक्का मुरूम लागेपर्यंत. तीन फुटांवर मुरूम लागला तर पायाचा खर्च एक, दहा फुटांवर लागला तर दुसरा. हा फरक प्लॉटच्या भावात धरायला हवा. मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला की तिचा फुगण्याचा गुण कळतो. चाळलेली तीच माती एका नळीत पाण्यात आणि दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक ५० टक्क्यांच्या पुढे गेला की साध्या पायावर भरवसा ठेवू नये. अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुंध्याचे पाइल आपल्याच देशात, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत विकसित झाले. गावातल्या गवंड्याला ते परके वाटतील, इंजिनिअरला वाटणार नाहीत.

गावठाणात प्रश्न उलटा. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांत पडलेल्या, पुन्हा बांधलेल्या मातीच्या घरांचा, राखेचा, भरावाचा थर. गाव उंचवट्यावर दिसतं ते बरंचसं त्यामुळे. ही माती भुसभुशीत, ठिकठिकाणी पोकळ. खाली जुनं पेव निघालं तरी नवल नाही. जुन्या दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसतात, पण आत दोन पातळ थरांमध्ये मातीचा गाळ भरलेला असतो आणि वर धाब्याचं मणामणाचं ओझं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं माणसांवर कोसळली. जुनं घर पाडायचंच या हिशेबाने घेत असाल तर हरकत नाही. त्यावरच मजला चढवायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत फोडून दाखवावी.

कालव्याच्या पट्ट्यात तिसरी अडचण येते. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८० च्या दशकापासून या बाजूला आलं, बागायत झाली, आणि निचरा नसलेल्या सखल भागात जमिनी चोपण झाल्या. अशा जागी मातीतले क्षार पाण्याबरोबर जोत्यातून वर चढतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात, भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा धरतो. काही क्षार सिमेंटलाच खातात. खड्ड्यातल्या मातीबरोबर बोअरचं पाणीही तपासून घेतलं तर पायाला कुठलं सिमेंट वापरायचं ते ठरवता येतं.

आणि पाणी. पर्जन्यछायेतला तालुका, इथे पूर कुठला, असं म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२० आठवावा. अतिवृष्टीत निमगाव केतकीत ओढ्याचं पाणी घरांत शिरलं आणि लोकांना सुरक्षित जागी हलवावं लागलं. वर्षातले अकरा महिने कोरडा असलेला ओढा प्लॉट पाडणाऱ्याला फारच सोयीचा: भराव टाकला की दिसेनासा होतो. गटाच्या नकाशात मात्र तो असतो. नकाशा हातात घेऊन जागेवर ओढा शोधावा. सापडला नाही तर तो कुणाच्या तरी प्लॉटखाली आहे, आणि तो प्लॉट तुमचा नाही याची खात्री करावी.

तयार बंगला किंवा फ्लॅट असेल तर स्लॅबखाली उभं राहून वर बघावं. तांबूस डाग म्हणजे सळई गंजली. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सोडवते. टाकीखालचा कोपरा, न्हाणीघराच्या पलीकडची भिंत, गच्चीचा उतार या तीन जागा सांगून जातात. इंजिनिअर हातोडी मारून आवाजावरून पोकळ गिलावा ओळखतो, शंका आली तर यंत्राने काँक्रीट तपासतो. महारेरात नोंदलेल्या नव्या बांधकामातले रचनेचे दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा आठांपेक्षा जास्त घरं नसलेली छोटी कामं त्या नोंदणीतून सुटतात, आणि गावाकडची बहुतेक कामं तेवढीच असतात.

हे सगळं करायचं कधी, तर इसार देण्याआधी. ते जमलं नाही तर निदान इसारपावतीतच लिहून घ्यावं. विकणाऱ्याने अमुक तारखेपर्यंत मोजणीचा अर्ज करायचा, ‘क’ प्रतीत क्षेत्र कमी भरलं तर त्या प्रमाणात किंमत कमी, हद्दीत अतिक्रमण निघालं किंवा मातीचा, इमारतीचा अहवाल वाईट आला तर इसार परत. मोजणीची फी, खड्डा, इंजिनिअर आणि वकील यांचा खर्च कुणी करायचा तेही त्यातच. हा खर्च खरेदीदाराने केला तरी त्याला तो परवडतो. विकणारा ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणून रागावला, तर चहा पिऊन उठावं आणि दुसरी जागा बघावी.